मीडिया ऑफलाइन: कॅमेऱ्याच्या फायलींची नावं बदलावीत का?

अलका_चौक

नमस्कार मंडळी,

आम्ही काही मित्र दरवर्षी एका ढोल-ताशा पथकासाठी विसर्जन मिरवणुकीचं चित्रण करतो. चार कॅमेरे, सगळे सोनीचे. शिवाय पथकातल्या पोरापोरींचे मोबाइल. कच्ची जोडणी मी कोथरूडला विंडोजवर प्रीमिअरमध्ये करतो आणि रंगाचं काम मित्र धायरीला मॅकवर रिझॉल्व्हमध्ये करतो (दोन्ही एडिटिंगची सॉफ्टवेअर). डिस्क एकच, ती इकडून तिकडे फिरते.

यंदा मध्येच कुणीतरी जागा करण्यासाठी डिस्कवरचे फोल्डर हलवले. प्रोजेक्ट उघडला तर टाइमलाइन लालभडक, सगळं ‘मीडिया ऑफलाइन’, म्हणजे सॉफ्टवेअरला फायली सापडेनात. तेवढ्याने कुणी घाबरत नाही, ‘लिंक मीडिया’ करून फोल्डर दाखवला की काम होतं. पण खरा घोळ लाल रंग गेल्यावर कळला. चारही कॅमेऱ्यांत प्रत्येक कार्डावर पहिली फाइल सी०००१, दुसरी सी०००२. सॉफ्टवेअरने नाव जुळलं म्हणून लक्ष्मी रोडवरच्या स्थिरवादनाच्या जागी टिळक रोडची गर्दी आणून बसवली. एकही सूचना नाही. टोल पडताना दिसतोय तो भलत्याच ढोलावर, आणि आवाज आपल्या ताशाचा!

माझं मत असं झालंय की कार्ड रिकामं करतानाच प्रत्येक फाइलचं नाव बदलावं, म्हणजे जगात त्या नावाची दुसरी फाइलच उरणार नाही. मित्र म्हणतो कॅमेऱ्याने दिलेल्या नावाला हात लावायचा नाही, फोल्डर नीट ठेवा. तुम्ही काय करता आणि का? एका ओळीत ‘हो’ किंवा ‘नाही’ नको, कारण हवंय.

मिक्सिंगवाला

बदलायचं. लग्नाच्या सीझनला एकाच दिवशी दोन कार्यालयांत टीम असतात, रात्री सगळी कार्डं एका टेबलावर येतात. प्रत्येक कार्डावर सी०००१ आहेच. आमची पद्धत: आधी कॅमेऱ्याचं अक्षर, मग तारीख, मग कार्डाचा क्रमांक आणि सगळ्यात शेवटी मूळ नाव तसंच्या तसं. म्हणजे ‘बी_२०२५०९०६_कार्ड३_सी००१२’. मूळ नाव पुसायचं नाही, बाकीचं त्याच्या आधी जोडायचं. उद्या शंका आली तर कार्डाशी ताडून बघता येतं.

आणि हे फक्त आणि फक्त प्रोजेक्टमध्ये आणण्याआधी. एकदा बिनमध्ये (प्रोजेक्टमधल्या क्लिपांच्या फोल्डरमध्ये) क्लिप आली की डिस्कवरच्या नावाला ब्रह्मदेवानेही हात लावू नये.

एमटीएस

सरसकट ‘बदला’ हे चुकीचं आहे. एव्हीसीएचडी या जुन्या पद्धतीच्या कॅमेऱ्याच्या कार्डावर ‘प्रायव्हेट’ नावाचा फोल्डर, त्यात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, त्यात स्ट्रीम, आणि तिथे ०००००.एमटीएस. लांब चित्रण असेल तर कॅमेरा एका शॉटच्या दोन-तीन फायली करतो, आणि त्या एकाच शॉटच्या आहेत ही माहिती शेजारच्या फोल्डरांत असते. तुम्ही एमटीएस बाहेर काढून नावं बदलली की तो धागा तुटला. सोनीच्या एमपी४ फायलींसोबतही सी०००१एम०१ नावाची एक्सएमएल (क्लिपची माहिती लिहिलेली छोटी फाइल) असते. मुख्य फाइलचं नाव बदललं की ती अनाथ.

अख्खं कार्ड जसंच्या तसं एका फोल्डरमध्ये उतरवा. नाव द्यायचंय ते त्या बाहेरच्या फोल्डरला द्या.

मिक्सिंगवाला

एमटीएसवर आता कोण चित्रण करतं हो?

एमटीएस

आम्ही करतो. नाट्यसंस्थेचा कॅमकॉर्डर उत्तम चालतोय, दोन अंक सलग घेतो, तापत नाही. अंकाचे तुकडे सुटे-सुटे टाइमलाइनवर टाकले तर जोडावर आवाजात बारीकसा खड्डा पडतो, नेमका वाक्याच्या मध्यात. प्रीमिअरमध्ये ‘मीडिया ब्राउझर’मधून आणलं तर सॉफ्टवेअर फोल्डरची रचना वाचून पूर्ण अंक एकच क्लिप म्हणून देतं. रचना मोडली असेल तर देत नाही. नुसत्या नावावर जाऊ नका, एवढंच म्हणणं आहे.

मिक्सिंगवाला

हे मान्य. जुन्या कार्डांच्या बाबतीत तुमचं बरोबर. एमपी४ला मात्र मी बदलणारच.

तुळशीबाग_टायटल्स

प्रीमिअरच्या त्या लाल पाटीवर ‘मीडिया ऑफलाइन’ किती भाषांत लिहिलेलं असतं! मराठी नाही त्यात. आमच्या हपिसात मॉनिटरच्या कडेला चिठ्ठी लावलीय: ‘फाइल हरवलेली नाही, पत्ता बदललाय.’ नवीन पोरं ती वाचून शांत होतात.

बावधन_बी

वरच्या चिठ्ठीत निम्मं उत्तर आहे. प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच, फक्त पत्ता असतो. विंडोजवर तो ‘ई:’ किंवा ‘एफ:’ पासून सुरू होतो, आणि डिस्क कुठल्या क्रमाने लावली त्यावर ते अक्षर बदलतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन फिरत्या डिस्कला शेवटचं एखादं अक्षर कायमचं द्या. आमच्याकडे सगळ्या मशीनवर ‘डब्ल्यू:’ म्हणजे चालू कामाची डिस्क. निम्मे लाल पडदे तिथेच संपतात.

मॅकवर अक्षर नसतं, डिस्कचं नावच पत्त्यात येतं. एकाच नावाच्या दोन डिस्क लावल्या तर दुसरीच्या पत्त्यात मागे १ लागतो आणि सगळं ऑफलाइन. सगळ्या डिस्कना विकत घेतलेलंच नाव ठेवणारी मंडळी इथे अडकतात.

आणखी एक. मॅक-विंडोज अशी फिरणारी डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असणार, कारण विंडोजच्या एनटीएफएसवर मॅक नुसतं वाचतो, लिहीत नाही. एक्सफॅटला जर्नलिंग (चालू असलेल्या बदलांची नोंद) नसतं. कॉपी चालू असताना, ‘इजेक्ट’ न करता वायर ओढली तर फोल्डरच बिघडू शकतो. मग ते ऑफलाइन खरंखुरं असतं.

रीळ

मी फिल्मच्या काळातला माणूस. वर नावावरून वाद चाललाय, पण फिल्मला नाव कुठे होतं? कच्च्या निगेटिव्हच्या कडेला कारखान्यातच क्रमांक छापून यायचे. एडिटर पॉझिटिव्ह प्रिंटवर कापाकापी करायचा, आणि शेवटी निगेटिव्ह कापणारा तोच क्रमांक शोधून नेमक्या फ्रेमवर कात्री लावायचा. १९९० मध्ये कोडॅकने त्याच कडेवर यंत्राला वाचता येईल असा बारकोडही आणला, कीकोड. डब्यावर काय लिहिलंय, लेबल पडलंय की राहिलंय, याने निगेटिव्हची ओळख बदलत नव्हती. ओळख मालाच्या अंगावरच होती.

आजच्या फाइलच्या अंगावर असा क्रमांक म्हणजे टाइमकोड, प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा आकडा. तुमच्या चारही कॅमेऱ्यांत तो बहुतेक ‘रेक रन’वर (चित्रण चालू असतानाच पुढे सरकणारा) आणि प्रत्येक कार्डाला शून्यापासून सुरू होत असेल. मग नावही तेच आणि टाइमकोडही तोच, सॉफ्टवेअरने ओळखावं कशावरून? मिरवणुकीच्या सकाळी चारही कॅमेरे ‘फ्री रन’वर (टाइमकोड सतत चालणारा) टाका आणि घड्याळाची वेळ लावा. मग दुपारी साडेतीनचा सी००१२ आणि रात्री नऊचा सी००१२ वेगळे ओळखू येतात. प्रीमिअरच्या लिंक मीडियाच्या चौकटीत नाव आणि एक्स्टेन्शनच्या जोडीला ‘मीडिया स्टार्ट’ची (क्लिपच्या सुरुवातीच्या टाइमकोडची) खूणही करा. टाइमकोड जुळला नाही तर ती फाइल जोडलीच जात नाही.

शनिपार

रीळकाका, प्रतिसाद फार आवडला. पण एक अडचण. आपल्याकडची मिरवणूक अनंत चतुर्दशीला सकाळी मंडईतून निघते ती दुसऱ्या दिवशीही चालूच असते. घड्याळ चोवीस तासांनी पुन्हा तिथेच येतं. शनिवारी सकाळी साडेदहाला मानाच्या गणपतींपुढचं वादन आणि रविवारी सकाळी साडेदहाला अलका चौकात शेवटची मंडळं, टाइमकोड सारखाच!

रीळ

अगदी रास्त. म्हणून टाइमकोडच्या जोडीला रिळाचा क्रमांक लागतो. आमच्याकडे तो डब्यावर, तुमच्याकडे फोल्डरवर किंवा क्लिपच्या माहितीत. ॲरी किंवा रेडच्या कॅमेऱ्यांत तो फाइलच्या नावातच येतो, ए००१ म्हणजे ए कॅमेऱ्याचं पहिलं रीळ. त्यामुळे तिथे नाव बदलायची वेळच येत नाही.

धायरी_फाटा

धाग्यात उल्लेख झालेला तो मित्र मीच. माझी बाजू मांडतो.

मला भीती नावाची नाही, दोन प्रतींची आहे. मूळ डिस्कवर नावं बदलली आणि बॅकअपच्या डिस्कवर जुनीच राहिली, तर ज्या दिवशी पहिली डिस्क जाईल त्या दिवशी बॅकअप असूनही प्रोजेक्ट त्याला ओळखणार नाही. शेकडो क्लिप हाताने जोडत बसा. त्यापेक्षा कॅमेऱ्याचं नाव तसंच राहिलं तर कार्डापासून बॅकअपपर्यंत सगळीकडे एकच नाव आहे.

रिझॉल्व्हमध्ये बिनवर राइट क्लिक करून ‘चेंज सोर्स फोल्डर’ आहे. जुना पत्ता काय, नवा पत्ता काय, तेवढं सांगायचं. आतली फोल्डरांची रचना तशीच असेल तर ‘कॅमेरा ए, कार्ड २’ मधला सी००१२ तिथलाच सापडतो. नावं सारखी असून काही बिघडत नाही. बिघडतं ते कुणी सगळ्या क्लिप एका फोल्डरमध्ये ओततं तेव्हा. ओतताना संगणक ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?’ विचारतो आणि थकलेला माणूस रात्री दोन वाजता ‘हो’ म्हणतो. ती फाइल मग ऑफलाइन नसते, ती गेलेली असते.

शॉटला सोयीचं नाव हवं असेल तर सॉफ्टवेअरच्या आत द्या. प्रीमिअर असो वा रिझॉल्व्ह, बिनमध्ये क्लिपचं नाव बदललं तरी डिस्कवरची फाइल तशीच राहते.

मिक्सिंगवाला

बॅकअप आधी आणि नाव नंतर, असा क्रम कोण ठेवतं? आधी नाव, मग त्याच फोल्डरच्या प्रती. दोन्हीकडे एकच नाव राहतं.

धायरी_फाटा

मग नाव बदलेपर्यंत एकच प्रत असते. रात्री कार्डं रिकामी करून सकाळी पुन्हा कॅमेऱ्यात जाणार असतात, तिथे मला ही जोखीम घ्यायची नाही.

लिनक्सवाली

दोघांच्या भांडणात केडेनलाइव्ह हे तिसरं एडिटिंग सॉफ्टवेअर आणते. ते प्रोजेक्टमध्ये प्रत्येक क्लिपचा हॅश आणि आकार लिहून ठेवतं. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा. प्रोजेक्ट उघडताना क्लिप सापडली नाही तर तुम्ही दाखवलेल्या फोल्डरमध्ये आतपर्यंत शोधतं आणि ठसा जुळला की नाव बदललेलं असलं तरी ओळखतं. हरवलेलं माणूस नाव विचारून शोधण्यापेक्षा चेहरा बघून शोधावं तसं. सगळ्या सॉफ्टवेअरनी हे करायला हवं असं मला मनापासून वाटतं.

शिवाय केडेनलाइव्हचा प्रोजेक्ट साधा एक्सएमएल असतो. डिस्कचा पत्ता बदलला तर टेक्स्ट एडिटरमध्ये ‘शोधा आणि बदला’ केलं की एका झटक्यात सगळं जागेवर. प्रीमिअरची प्रोजेक्ट फाइलही आत एक्सएमएलच आहे, फक्त जीझिपने दाबलेली. उघडून बघता येते. पण तिथे हात घालाल तर प्रतीवर घाला, मूळ फाइलवर नको.

पेठेतला_पंखा

वाचनखूण साठवली.

ऱ्हस्वदीर्घ

एक मुद्दा कुणीच काढला नाही. फोल्डरांची नावं मराठीत देता का?

लग्नाच्या एका कामात फोल्डरचं नाव ‘वऱ्हाड’ होतं. विंडोजवर बनवलेला प्रोजेक्ट, आणि नंतर दुसऱ्या कुणीतरी बॅकअप डिस्कवर तसाच फोल्डर हाताने टाइप करून बनवला. डोळ्याला दोन्ही ‘वऱ्हाड’. सॉफ्टवेअर म्हणे, असा फोल्डरच नाही. कारण हा ऱ्ह दोन-तीन तऱ्हांनी टाइप होतो. युनिकोडमध्ये ‘ऱ’ असं स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त लावून ऱ्ह करता येतो. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. आणि मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत तर ‘ऱ’ फोडून ‘र’ आणि खालचा नुक्ता असा साठवायची. तिन्ही दिसायला सारखे, संगणकाला तीन वेगळी नावं.

‘ॲ’चंही तेच. एक अक्षर म्हणूनही येतो, आणि अ वर अर्धचंद्र ठेवूनही. ‘ॲनिमेशन’ नावाचा फोल्डर असेल तर नीट बघा.

बावधन_बी

म्हणूनच रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. बाकी काही नको. वर विंडोजवर जुन्या प्रोग्रॅमांना पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांत बसावा लागतो, हेही आहेच. ‘नवीन फोल्डर’च्या आत ‘नवीन फोल्डर’ करत गेलं की ती मर्यादा पटकन येते.

ऱ्हस्वदीर्घ

मी उलट सांगेन. मराठी नावं जरूर ठेवा, फक्त पुन्हा टाइप करू नका, कॉपी करून चिकटवा. मराठी नाटकाच्या, मराठी लग्नाच्या, मराठी गावाच्या चित्रणाला रोमन नावं दिली की पंचवीस वर्षांनी शोधणाऱ्याला ‘पालखी’चं स्पेलिंग चार प्रकारे शोधावं लागेल.

शनिपार

+१. आमच्या डिस्कवर ‘ढोल’ची रोमन स्पेलिंगंच तीन आहेत.

कर्वेनगर_कट

मोबाइलच्या क्लिपांबद्दल कुणी बोललं नाही. पोरं व्हॉट्सॲपवर पाठवतात. तिथे दर्जा तर उतरतोच, नावही बदलतं. मोबाइलमधली मूळ क्लिप एका नावाची, आणि अँड्रॉइडवर आलेली व्हीआयडी, तारीख, डब्ल्यूए आणि क्रमांक अशी. एडिटिंग त्यावर सुरू होतं, मग कुणीतरी मूळ क्लिप आणून देतं आणि तिला जागेवर बसवताना काहीच जुळत नाही. पहिल्या दिवसापासून केबल लावून मूळ फाइल घ्या, नाहीतर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

मोबाइलचा फ्रेम रेट स्थिर नसतो, म्हणून काही जण आधी रूपांतर करून घेतात. एमपी४ची एमओव्ही झाली की जोडताना लिंक मीडियातली ‘फाइल एक्स्टेन्शन’ची खूण काढा, नुसत्या नावावर जुळेल.

आंबेगाव_बुद्रुक

क्लाउडचंही बघा. माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रोजेक्ट रोज थोडा-थोडा ऑफलाइन व्हायचा. तिने काहीच हलवलं नव्हतं. सगळं फुटेज मॅकच्या डेस्कटॉपवर, आयक्लाउडमध्ये डेस्कटॉप चालू, आणि ‘ऑप्टिमाइझ मॅक स्टोरेज’ चालू. डिस्क भरत आली की मॅक जुन्या फायली वर ढगात पाठवून इथून काढतो. वनड्राइव्हमध्येही फायली ‘फक्त ऑनलाइन’ ठेवायची सोय आहे, आणि पुष्कळ नव्या लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हच्या ताब्यात जातात. फायलीच्या शेजारी ढगाचं चिन्ह दिसलं की समजा. फुटेज या फोल्डरांत ठेवूच नका.

तुळशीबाग_टायटल्स

अवांतर: जागा करायला मीडिया कॅश उडवली तर क्लिप ऑफलाइन होतात का? आमच्याकडे यावर दोन तट आहेत.

कर्वेनगर_कट

नाही. कॅशमध्ये आवाजाच्या तयार केलेल्या फायली आणि वेव्हफॉर्म असतात, प्रीमिअर त्या पुन्हा बनवतं. वेळ लागतो इतकंच. प्रॉक्सी (एडिटिंगसाठी बनवलेल्या हलक्या प्रती) मात्र वेगळ्या. त्या उडवल्या तर पुन्हा कराव्या लागतात. आणि प्रॉक्सीवर काम चालू असताना मूळ फुटेज ऑफलाइन झालं तरी टाइमलाइन चालतच राहते, त्यामुळे लक्षात येत नाही. एक्स्पोर्टच्या आदल्या रात्री प्रॉक्सी बंद करून एकदा पूर्ण टाइमलाइन बघून घ्यायची.

सिंहगड_रस्ता२

आणि फाइल खरंच गेली असेल तर? कार्ड फॉरमॅट झालंय, मुंज उद्या पार्टीला दाखवायचीय, असं प्रकरण आत्ता समोर आहे.

लिनक्सवाली

कार्ड आत्ताच्या आत्ता बाहेर काढा, त्यावर नवीन काही घेऊ नका. फोटोरेक हे पुसलेल्या फायली शोधणारं सॉफ्टवेअर मोफत आहे, चालवा. सापडलेल्या फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवायच्या, त्याच कार्डावर नाही. मूळ नावं मिळणार नाहीत, ‘एफ’ आणि लांबलचक आकडा अशी नावं येतात. म्हणजे पुन्हा रीळकाकांचा टाइमकोडच कामाला येणार. लांब क्लिप तुकड्यांत साठवलेली असेल तर ती अर्धवट निघू शकते.

सिंहगड_रस्ता२

चालू केलं. बऱ्याच क्लिप येताहेत. मातृभोजन दिसतंय! मनापासून आभार.

अलका_चौक

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

काल रात्री कॅमेऱ्याचा मेन्यू पुन्हा धुंडाळला. आमच्यातल्या दोन नव्या कॅमेऱ्यांत ‘फाइल सेटिंग्ज’मध्ये नावाचा साचा निवडता येतो: नुसतं ठरलेलं, शीर्षक, तारीख आणि शीर्षक, किंवा शीर्षक आणि तारीख. क्रमांकासाठी ‘सिरीज’ निवडला की कार्ड बदललं तरी मोजणी पुढे चालू राहते. म्हणजे नाव कॅमेराच वेगळं देणार. मला हवं ते वेगळं नाव मिळालं, आणि मित्राची अटही पाळली गेली, कारण कार्डापासून बॅकअपपर्यंत तेच नाव राहणार.

जुन्या दोन कॅमेऱ्यांत ही सोय नाही. तिथे अख्खं कार्ड ‘कॅमेरा सी, कार्ड १’ अशा फोल्डरमध्ये, आतल्या कशालाही हात न लावता. टाइमकोड चौघांचाही फ्री रन. लिंक मीडियात ‘मीडिया स्टार्ट’ची खूण कायम. आणि ‘रिलिंक अदर्स ऑटोमॅटिकली’ची (बाकीच्या फायली आपोआप जोडण्याची) खूण काढून टाकलीय. एकेक कार्ड मी स्वतः दाखवणार, वेळ गेला तरी चालेल. ज्या पोरांनी दोन-अडीच महिने नदीपात्रात सराव केलाय, त्यांच्या हातावर दुसऱ्याचा टोल दिसता कामा नये.

मिक्सिंगवाला

कॅमेऱ्याने दिलेलं नाव असेल तर माझा विरोध मावळला. आमच्या टीमच्या कॅमेऱ्यांत बघतो. ही सोय नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या फायली मात्र मी बदललेल्या नावानेच ठेवणार.

धायरी_फाटा

अलका, बॅकअपची डिस्क कोथरूडला तुझ्याकडेच आणि मूळही तुझ्याकडेच, हे बदलू. एक प्रत इकडे धायरीला राहू दे. कॉपी रिझॉल्व्हच्या क्लोन टूलने करू, ते उतरवलेली प्रत्येक फाइल मूळाशी ताडून बघतं. आणि कार्डं फॉरमॅट करायची ती दोन्ही डिस्क तपासल्यावरच.

अलका_चौक

चालेल. रविवारी डिस्क घेऊन येतो. येताना इजेक्ट करूनच काढतो, बावधनकर.

एमटीएस

जुन्या कॅमेऱ्यांचं कार्ड उतरवताना ती एक्सएमएलसुद्धा घ्या. नुसता ‘क्लिप’ फोल्डर नाही, ‘प्रायव्हेट’पासून सगळं.